विश्लेषण : पुण्याला पटल्या नाहीत, चर्चपुढेही झुकल्या नाहीत... पंडिता रमाबाईंची श्रद्धा नेमकी कशी होती?

समाजसुधारकांच्या यादीत पंडिता रमाबाईंचे नाव असते. संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन एवढी माहिती बहुतेकांना असते. त्या ख्रिस्ती झाल्या, ही गोष्ट मात्र एक तर घाईने सांगून टाकली जाते किंवा अजिबात सांगितली जात नाही. काहींना वाटते धर्मांतरामुळे त्यांचे काम डागाळले. काहींना वाटते काम एवढे मोठे की धर्माचा विषय काढायलाच नको. खरे तर त्यांचे काम आणि त्यांची श्रद्धा वेगळी काढताच येत नाही. दोन दुष्काळ, प्लेग, घरातले एकामागून एक मृत्यू आणि दोन्ही बाजूंचा रोष अशा काळात त्यांनी ही श्रद्धा कशी निभावली, हे समजून घेण्यासारखे आहे.

तिरडी डोक्यावर घेणारी मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आजच्या कर्नाटकात, सह्याद्रीच्या दाट रानात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नामांकित विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्याबद्दल त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला. ग्रंथांचे आधार दाखवून त्यांनी तो दिलाही. रमाबाई शिकण्याच्या वयाच्या झाल्या तेव्हा वडील थकले होते, म्हणून हे काम आईने केले. घरातली उठबस उरकण्याआधी, पहाटेच्या अंधारात मुलीचे पाठ होत.

पुढे घरची मिळकत संपली आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला लागले. देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचे, मिळेल त्यावर गुजराण करायची. भीक मागायची नाही आणि पुराणाशिवाय दुसरे काम करायचे नाही, असा त्यांचा रिवाज होता. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा ऐकणारेच उपाशी होते, दक्षिणा कुठून येणार? वडील गेले. थोड्याच दिवसांत आई गेली. आईला न्यायला खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी पडत होती, म्हणून तिरडीचा दांडा खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. नंतर मोठी बहीणही गेली.

उरलेली दोघे भावंडे पायी देश हिंडली. ही भूक रमाबाई विसरल्या नाहीत, हे वीस वर्षांनी दिसणार होते.

पदव्या मिळाल्या, प्रश्न सुटले नाहीत

१८७८ मध्ये भावंडे कलकत्त्याला पोहोचली. विशीतली बाई भागवत तोंडपाठ म्हणते, संस्कृतात वाद घालते, हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ख्रिस्ती लोकांची पहिली भेटही याच शहरातली आणि ती काहीशी गमतीची आहे. एका ख्रिस्ती मेळाव्यात ही भावंडे गेली. प्रार्थनेच्या वेळी सगळे जण आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकून बसले. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात, असे रमाबाईंना वाटले.

याच काळात ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला सुचवले. बाईने वेद वाचू नयेत, अशीच आजवरची समजूत होती. पुराणांवरून त्या वेदांकडे आणि धर्मशास्त्रांकडे वळल्या. शास्त्रकारांचे आपापसात शंभर गोष्टींवर मतभेद आहेत, पण बाईला आणि शूद्राला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, यावर मात्र सगळ्यांचे जमते, असे त्यांना आढळले. जुना विश्वास इथून ढळू लागला. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी त्यांना त्यांच्या धर्मापासून ओढून नेले, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी त्यांचा स्वतःच्या ग्रंथांशी हिशेब झाला, मिशनरी नंतर आले.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते जातीने शूद्र गणले जात, त्यामुळे दोन्हीकडचे नातलग दुरावले. मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. आसामातल्या सिल्चरच्या त्या घरात पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. ती त्यांनी बाजूला ठेवून दिली नाही, एवढेच.

मग ख्रिस्ती का झाल्या?

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन हिंदुस्थानी बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असे सांगितले. सुधारक मंडळींना त्यांचे अतोनात कौतुक होते. वैद्यक शिकावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण त्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे ते शिक्षण जमले नाही.

वाँटेज येथे त्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात उतरल्या. या जोगिणींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक काम चाले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. रमाबाईंनी ते पाहिले. ज्या बाईला आपल्याकडे गावाबाहेर काढतात, तिच्याजवळ बसून तिच्या जखमा धुणाऱ्या बाया त्यांनी प्रथमच पाहिल्या. असे का करता, हे विचारल्यावर त्यांना येशू आणि विहिरीवर भेटलेली शोमरोनी स्त्री यांची गोष्ट सांगण्यात आली. तत्त्वज्ञानाचा कुठलाही ग्रंथ त्यांना इतका पटला नसेल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लहान मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात एकच काहूर उठले. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. जोतीराव फुले मात्र रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. १८८५ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत या धर्मांतराचा जाहीर कैवार आहे.

इंग्लंडमधल्या ख्रिस्ती मंडळींशी त्यांचे कसे जमले?

फारसे जमले नाही. बाप्तिस्मा दिल्यावर ही हुशार ब्राह्मण विधवा आता सांगू ते मुकाट्याने मानेल, अशी जोगिणींची अपेक्षा होती. रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचा कुमारीपोटी जन्म, धर्मगुरूंचा अधिकार या सगळ्यांवर त्यांच्या शंका होत्या. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्यात एकीकडे माया आहे आणि दुसरीकडे वाकणार नाही हा बाणा.

क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल होता. लॅटिन काय आणि संस्कृत काय, येशूची भाषा दोन्ही नव्हती. शाकाहार त्यांनी सोडला नाही. पांढरे लुगडे सोडले नाही. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, अशी गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या अँग्लिकन बिशपांनी नापसंती कळवली. स्त्रीने पुरुषांना शिकवणे त्यांना अशोभनीय वाटले. ज्या बाईने धर्मशास्त्रातला हाच न्याय नाकारून घर बदलले, तिला नव्या घरात पुन्हा तोच न्याय ऐकवला जात होता. त्यांनी कडक शब्दांत विरोध केला आणि आपली बुद्धी कोणाच्याही हवाली केलेली नाही, हे स्पष्ट केले.

नम्रता म्हणजे गप्प बसणे असे मानणाऱ्यांना रमाबाई उद्धट वाटतील. पुण्यातल्यांना वाटल्या, वाँटेजमधल्यांनाही वाटल्या. त्यांची नम्रता वेगळ्या जागी होती. ती पाहायला पुढच्या वर्षांत यावे लागते.

शारदा सदनाचा वाद काय होता? चूक कोणाची?

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरीच्या पदवीदानाचे. त्या दोन-अडीच वर्षे तिथे राहिल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये निघाले. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे पैसे पाठवण्याचे तिने मान्य केले. अट अशी की शाळा कुठल्याही पंथाच्या प्रचाराची नसावी.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला हलले. बालविधवांना इथे शिक्षण होते, केस ठेवण्याची मुभा होती आणि सोवळे-ओवळे पाळायचे तर त्यालाही आडकाठी नव्हती. महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर यांसारखी माणसे सल्लागार होती. इथल्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या विधवेने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांनाच आपण आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखतो. हिंगण्याच्या कामामागे शारदा सदनाचा हा धागा आहे, तो सहसा सांगितला जात नाही.

वाद पेटला तो प्रार्थनेवरून. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करत. दार बंद करत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसह सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी परत नेले.

दोष कोणाचा? रमाबाईंनी बळजबरी केली नाही. पण सल्लागारांची अडचणही खोटी नव्हती. ज्या बाईने जेवू घातले, शिकवले, अंगावरची मारझोड थांबवली, तिच्या उघड्या दारातून मुली आत जाणारच. तिथे सांगण्याची गरजच नसते. तटस्थ शाळेचे आश्वासन आणि उघडे दार यांच्यात ताण होता आणि तो रमाबाईंना कळत नसेल असे मानणे त्यांच्या बुद्धीला कमी लेखणे होईल. मात्र दार लावून, लपून प्रार्थना करणे म्हणजे आपल्या देवाची लाज बाळगणे, असे त्यांना वाटत होते. त्या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कोणाच्या फारशी गावी नव्हती. पालकांचे हक्क, देणगीदारांच्या अटी, समाजाची अब्रू यांवर रकाने भरून आले, त्या मुलींना स्वतःला काय हवे आहे हे विचारायला फार थोडे जण गेले.

रमाबाईंच्या मनातही याच सुमारास उलथापालथ झाली होती. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१च्या आसपास त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण त्यातला ख्रिस्त अजून आपल्याला सापडलेला नाही. आजवर त्यांनी विद्येच्या आणि कर्तबगारीच्या जोरावर सगळे केले होते. ती कमाई देवापुढे उपयोगाची नाही आणि मिळते ते केवळ कृपेने, असे त्यांचे मत झाले. यानंतरच्या रमाबाई वाद कमी घालतात आणि काम जास्त करतात.

दुष्काळ आणि प्लेग

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. मदत छावण्यांमध्ये पोरक्या मुली होत्या आणि त्यांना उचलून नेणारे दलालही आसपास घिरट्या घालत होते. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक त्यांना आठवली, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांनी शेकडो मुली-बायांना सोबत आणले. शारदा सदनात तेव्हापर्यंत बहुतेक उच्चवर्णीय विधवा असत. आता आल्या त्या सगळ्या जातींच्या होत्या. हाडांचे सापळे झालेल्या, उवा-खरूज लागलेल्या, काही आजारी, काही बोलायचेच विसरलेल्या.

त्याच वेळी पुण्यात प्लेग आला आणि एवढ्या बाया शहरात ठेवायला सरकारने मनाई केली. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला रमाबाईंनी फळबागेसाठी जमीन घेतली होती. ओसाड माळ होता. तिथे तंबू आणि झोपड्या टाकून या मुलींची सोय केली. मुक्ती मिशन उभे राहिले ते असे, आणीबाणीत.

प्लेगच्या बंदोबस्तात सरकारी माणसांनी बायकांशी कसे वर्तन केले, यावर रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी पत्रात उघड लिहिले. आपल्या सदनातली एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेल्यावर तिचे काय झाले, हा त्यांचा प्रश्न होता. सरकारने आरोप नाकारले. याच प्लेगमधल्या अत्याचारांबद्दल इंग्लंडमध्ये बोललेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना परत आल्यावर जाहीर माफी मागावी लागली होती. वातावरण इतके तापलेले होते. धर्म राज्यकर्त्यांचा घेतला म्हणून बाई राज्यकर्त्यांची झाली, हा पुण्यातला आवडता समज या पत्रापुढे टिकत नाही.

‘कृपा सदन’ हे नाव कुठून आले?

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिथल्याही मुली आल्या. तेव्हा केडगावात जवळपास २,००० जणी होत्या. रोज दोन वेळा एवढ्या तोंडांना घालायचे, तेही बोस्टनची दहा वर्षांची हमी संपल्यावर. यापुढे ठरलेल्या उत्पन्नावर न विसंबता प्रार्थनेवर आणि येईल त्या मदतीवर चालायचे, असे रमाबाईंनी ठरवले. हिशेबी माणसाला हे वेडेपणाचे वाटेल. त्या वेड्यापाठीमागे विहिरी, शेती, गोठा, माग, तेलघाणा आणि छापखाना होता. प्रत्येक मुलीला काही ना काही काम शिकावे लागे, हे विसरता कामा नये. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सगळे बायकाच करत. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई.

आवारात वेगवेगळी सदने होती. त्यांतले एक ‘कृपा सदन’. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी ते १८९९ मध्ये सुरू झाले. फुलहॅममध्ये पाहिलेले दृश्य सोळा वर्षांनी दौंडच्या माळावर उभे राहिले होते. त्या काळच्या सुधारकांचे पुष्कळ काम विधवांपर्यंत येऊन थांबले, कारण विधवा कितीही दुःखी असली तरी ती घरंदाज होती. घरंदाज नसलेल्या बाईसाठी दार उघडणारे हात फार थोडे. रमाबाईंचा धर्म कोणाला पटो वा न पटो, हे दार त्या धर्मातूनच उघडले होते.

केडगाव उघडपणे ख्रिस्ती होते. पुण्यातल्या शारदा सदनासारखी तटस्थतेची अट इथे नव्हती. इथे आलेल्या अनेक जणी ख्रिस्ती झाल्या. अन्नाबरोबर धर्म दिला, ही टीका तेव्हाही झाली, आजही होते. दुसरा आसराच नसलेल्या मुलीच्या निवडीला कितपत निवड म्हणायचे, हा प्रश्न रास्तच आहे. १९०५ मध्ये तर मुक्तीत तासन्‌तास सामुदायिक प्रार्थना, रडणे, पापांची कबुली अशी एक लाट उसळली. जगभरातले पेंटेकॉस्टल पंथाचे अभ्यासक तिची नोंद घेतात. शास्त्रवादात वाढलेल्या रमाबाईंनी हे सारे कसे स्वीकारले, याचे अनेकांना आश्चर्य वाटते.

संस्कृत पंडितेने मराठीतून संस्कृत का काढले?

आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षे रमाबाई एका कामाला बसल्या. तेव्हाचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते. दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरे गिरवू लागलेल्या मुलीला ते कळत नसे. म्हणून त्यांनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचे ठरवले. वय पन्नाशीकडे झुकलेले, कान साथ देत नव्हते, प्रकृती ढासळलेली.

ज्या भाषेने त्यांना पदव्या दिल्या, कलकत्त्यात मान दिला, त्याच भाषेचे शब्द त्या ओळीओळीतून काढून टाकत होत्या, कारण स्वयंपाकघरातल्या बाईला अडले तर भाषांतर फसले. त्यांची नम्रता कुठे होती असे कोणी विचारले तर तिथे बोट ठेवावे लागेल. भाषांतर म्हणून ते सर्वांना रुचले नाही. मूळ शब्दाला घट्ट धरून राहिल्याने त्याची वाक्ये कधी कधी अवघडतात आणि चर्चमध्ये ते रुळलेही नाही. पण एकट्या स्त्रीने मूळ भाषांतून संपूर्ण बायबल आणण्याचे असे उदाहरण जगातही क्वचितच सापडेल.

मुक्तीचा पुढचा भार मनोरमेने उचलायचा, असे ठरलेले होते. जुलै १९२१ मध्ये चाळिशीतच ती गेली. आई-वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता मुलगी. रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबवले नाही. ते पूर्ण झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले. ते बायबल छापून बाहेर पडले १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून. त्याचे खिळे जुळवणाऱ्या बायकांत पूर्वी दुष्काळी छावण्यांतून आलेल्या मुलीही होत्या.